दोन रुपयांचा रोबो

रंकाळ्यावर, भेळेच्या गाड्या संपतात त्याच्या जरा पुढं,
दस्तगीर मिस्त्रीनं उभा केला होता रोबो.
पोट तेलाच्या डब्यांचं, खांदे उद्यमनगरातल्या भंगाराचे,
डोळे म्हणजे एम-एटीचे इंडिकेटर,
आणि मान हलवायला ट्रकच्या वायपरची मोटर.
त्यामुळं तो सारखा नको नको म्हणायचा,
आलेल्या प्रत्येकाला,
पैसे द्यायच्या आधीच.

माझं काम हेडफोन पुसायचं
आणि पडद्यामागं बसून कॅसेट बदलायचं.
चार कॅसेटी: पोरं, पोरी, बापे, बाया.
प्रत्येकीत तीन भविष्यं.
बारा भविष्यांत अख्खं कोल्हापूर बसायचं,
जागा उरलीच तर कागल.

आवाज शालनआक्काचा.
ती स्टँडवर गाड्या पुकारायची.
मिस्त्रीनं वहीत लिहून नेलेलं तिनं वाचलंच नाही.
"असलं कोण ऐकणार?" म्हणाली,
आणि डबा खाता खाता मनानंच बोलत गेली.
म्हणून आमचा रोबो भविष्य सांगायचा
गारगोटीची गाडी लागल्यासारखं.
एका ठिकाणी तर सवयीनं निघूनच गेलं तिच्या तोंडून:
प्रवाशांनी नोंद घ्यावी, पौषानंतर तब्येत सुधारेल.
मिस्त्रीनं ते पुसलं नाही.
लोकांना तेच जास्त पटायचं.

एकदा एक पैलवान आला,
कान असे मोडलेले की हेडफोन बसेना.
मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.
ऐकता ऐकता त्याच्या गळ्याची घाटी
वर गेली ती खाली यायला तयार नव्हती.
जाताना मला म्हणाला, "कुणाला सांगू नको."
काय सांगू नको ते त्यानं सांगितलं नाही.

आणि मग एका नवरात्रात,
रात्रीचे साडेनऊ, आम्ही दिवे काढायच्या बेतात,
शालनआक्का. एकटी. पिशवीत रिकामा डबा वाजत होता.
तिनं माझ्या हातावर दोन रुपये ठेवले.
मी म्हटलं, "आक्का, आत तुमचाच आवाज हाय."
"म्हाईत हाय. लाव."
"कुठली लावू?"
"बायांची. आन् कुठली?"

रोबोनं मान हलवली, नको नको.
तिनं डोळे मिटले.
तिच्या कपाळावर हिरवं, मग लाल, मग हिरवं.
मला ऐकू येत नव्हतं, पण पाठ होतं:
आपण पुष्कळ सोसलंत, बोलला नाहीत.
ज्याची वाट पाहताय ते येईल.
उशीर होईल.
आपण जागा सोडू नये.

तिनं हेडफोन काढला, पदरानं पुसला,
म्हणजे माझं काम तिनंच केलं,
आणि विचारलं, "हे मी कवा बोललो रं?"
"मे महिन्यात, आक्का. डबा खाताना."
"खरं वाटतंय की."
मिस्त्री पाठमोरा वायर गुंडाळत होता,
गुंडाळलेलीच परत गुंडाळत होता.
तिनं आणखी दोन रुपये काढले.
"परत लाव."

ती चार रुपयांची नाणी गल्ल्यात पडल्याचा
आवाज मला आला नाही.

आता मी शिरोलीला, फाउंड्रीत.
तिथं एक पिवळा हात आहे, सहा सांध्यांचा.
वितळलेलं लोखंड असं ओततो
जसं कुणी ताटात तूप वाढावं, थेंब इकडं तिकडं नाही.
पोरं त्याला भावा म्हणतात.
खंडेनवमीला हार घालतात, गंध लावायला कपाळ शोधतात,
सापडत नाही, मग कोपरावरच लावतात.

घरी लेकीनं मागवलाय एक, मुठीएवढा, गोल डोळ्यांचा.
काहीही विचारा, गोड बोलतो.
मी एकदा हळूच विचारलं, किती उशीर होईल?
तर त्यानं मला पुणे रस्त्यावरची रहदारी सांगितली.

जेवणाच्या सुट्टीत पिवळा हात थांबलेला असतो,
अर्ध्यात, कुणाला काही देत असल्यासारखा.
मी डबा घेऊन त्याच्याजवळ बसतो.
चांगला आहे, कामाचा आहे, माझ्यापेक्षा नेमका.
फक्त त्याला मान नाही.
नको म्हणायचं झालं तर
तो ते कशानं म्हणेल?