काटा

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, हॅडॉकच्या कारखान्यात
सहा वर्षं मी काट्यावर उभी आहे.
चारशे ग्रॅम. चारशे नऊ. तीनशे नव्वद.
जास्त भरलं तर शेपूट उडवायची,
कमी भरलं तर दुसऱ्याची शेपूट आत सरकवायची.
दर सोमवारी डेरेक पितळी वजन ठेवून काटा तपासतो
आणि वहीत सही करतो.

शीतगृहाच्या दाराची आतली कडी
कुणी तपासली नाही.

तीनदा कळवलं होतं माझ्या नवऱ्याने.
इंग्रजी मोडकं, पण अक्षर मिशन शाळेतलं, वळणदार:
कडी हातात येते. माणूस आत अडकेल.
खाली तारीख, खाली शद्रख भांबळ.
चौकशीत वही सापडली.
ती तीन पानं नाही सापडली.

आगीतून वाचलेल्याचं नाव आजोबांनी ठेवलं होतं त्याला.
थंडीचं कुणी काही बोललं नव्हतं.

नऊ जणांची ज्यूरी आत गेली,
पाऊण तासात बाहेर आली.
कॉरोनर बाई भल्या होत्या;
पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला,
अपघाती मृत्यू म्हणाल्या
आणि म्हणताना घड्याळाकडे पाहिलं नाही.
एवढं मी त्यांच्या नावे जमा धरलंय.

चर्चमध्ये सगळे म्हणतात, क्षमा कर, हलकं वाटेल.
करीन. घाई काय आहे?
क्षमा करायलाही आधी कुणीतरी म्हणावं लागतं
की हे घडलं.

लहानपणी श्रीरामपूरला, साखरेच्या डब्यात हात गेला
की आई चुलीपासूनच म्हणायची, देव बघतोय गं.
न वळता म्हणायची. हात तिथेच गोठायचा.
चाळीस वर्षं ते वाक्य मला नुसतं धाक होतं.
आता रात्री तेच ओढून घेते अंगावर.
उणे बावीसमध्ये, दिवा गेल्यावर,
त्याने दारावर किती वेळा मूठ आपटली
ज्यूरीला माहीत नाही, मला माहीत नाही.
पण कुणाला तरी आकडा माहीत आहे.
एकही ठोका हवेत विरलेला नाही.

माझंही पान आहे तिथे, विसरले नाही मी.
अकरा वाजता फोन लागेना,
म्हटलं, ओव्हरटाइम असेल,
पोळ्या झाकल्या आणि झोपले. झोप लागलीसुद्धा.
हे मी पाळकांना सांगितलेलं नाही.
याची भीती वाटते,
आणि त्याच भीतीला पाठ टेकून बसते,
कारण जो माझी ती झोप तोलणार आहे
तो कडी सोडून देणार नाही.

डेरेक आता माझ्याकडे बघत नाही.
सोमवारी वजन ठेवताना त्याचा हात हलतो,
आकडा स्थिरावायला वेळ लागतो.
पहिले काही महिने रोज सकाळी
त्याला पारड्यात घालायचे मी,
त्याच्या मुलीचा टेबलावरचा फोटोसुद्धा काढून घेत.
खांदे मोडून यायचे.
मग एक दिवस कळलं,
माझा काटा चारशे ग्रॅमचा आहे.
माणूस तोलायला तो केलेलाच नाही.
त्या दिवशी पहिल्यांदा डबा उघडून जेवले.

दाराला नवी कडी बसलीय,
हिरवी, अंधारात चमकणारी.

शनिवारी मला दुसऱ्या टेबलावर बसवतात, काटे काढायला.
डोळ्यांना मांस स्वच्छच दिसतं.
हातमोजा काढून बोट फिरवलं
की लागतात, एका ओळीत, केसासारखे.
चिमट्याने एकेक ओढायचा, माशाच्या कलाने,
मांस फाटू न देता.

या सगळ्यावरून एकदा
असंच एक बोट फिरणार आहे, सावकाश.
मी वाट बघू शकते.
भोंग्याला अजून दोन तास आहेत.