रामनदी, रविवार

सात वाजता सुतारवाडीच्या पुलाखाली
अकरा जण, आठ खोरी, गमबूट सहाच.
तांबोळी सर अनवाणी उतरले.

पहिल्या तासात निघाली एक गादी,
काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी,
कुणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स.
हेमलता नवरीचा चेहरा धुवायला लागली,
मग ओशाळून गुंडाळून ठेवला.

पुलावरून कुणी ओरडलं,
"काय हरवलंय नाल्यात?"
"नदी," निम्हण काका म्हणाले
आणि पुन्हा वाकले.

त्यांच्या लहानपणी इथे झरा होता,
उंबराच्या मुळाशी.
उंबर आता नाही.
ते दर वेळी वेगळा दगड दाखवतात,
आम्ही दर वेळी खणतो.

आज दहाच्या सुमारास
खड्ड्यात बोटभर पाणी आलं.
गढूळ. पण गार.
"पाइप फुटला असेल कुणाचा तरी."
चाखून बघायला कुणी धजेना.

चिखलाचे हात अंगापासून लांब धरून
गाळ खाली बसेपर्यंत उभे राहिलो.
चिंचोक्याएवढा एक खेकडा
तिरका तिरका आला, आत गेला,
आमच्याकडे न बघता,
घर त्याचंच असल्यासारखा.

काका काहीच बोलले नाहीत.
सरांनी वहीत लिहून घेतलं:
गमबूट, आणखी पाच.