राखणीचा कुत्रा

फ्रीज नाही. इन्सुलिन मडक्यातल्या मडक्यात.
मधल्या रेतीवर आई दोनदा पाणी शिंपते,
आत बोट घालून बघते, गार आहे का.
बाहेर शेहेचाळीस.

तेंदूपानं वाळत पडली होती
तेव्हा स्कूटीवरून आली चेतना मडावी,
पायाशी बर्फाचा डबा.
म्हणाली, बहिणीचं झालं, आता तुझं रक्त हवंय.
मले तं काहीच नाही झालं.
म्हणूनच, ती म्हणाली.

खुराड्याकडं बघत सांगू लागली :
राखणीचा कुत्रा असतो ना,
एखाद्या रात्री घरच्याच कोंबड्या
मुंगूस समजून फाडतो.
समूच्या पोटात तसंच झालं.
कोंबड्या नव्या वाढवता येतील,
काचेच्या थाळ्यांत लोक वाढवताहेत,
पण कुत्रा अजून अंगणातच आहे.
त्याला चुकीचा वास कुणी दिला,
आणि तुझ्याला का नाही दिला,
तेवढं कळायला हवं.

किती वर्सं लागतीन? आईनं विचारलं.
चेतनानं नळीवर नाव नाही, आकडा लिहिला : एकशे बारा.
बर्फात खोचली.
माहीत नाही, काकू.

आई उठली, चहाचं आधण ठेवलं.
बराच वेळ उकळू दिलं.

समूनं फ्रॉक वर केला, आठ युनिट,
सुई काढून टोपण लावलं, मग म्हणाली :
माह्या दादाचा कुत्रा चांगला आहे का?

चेतनानं तापल्या सीटवर ओलं फडकं टाकलं.
पावसाळ्यानंतर सांगते, म्हणाली,
आणि डबा पुन्हा एकदा उघडून पाहिला,
आईसारखाच, बोट घालून.