कड्यावरची मोडी

ह्योर्दिस कड्यावरून खाली उतरते तेव्हा
वर ट्रॅक्टरला बांधलेला दोर,
दोरापाशी भाऊ, स्टेइन्थोर,
तोंडात न पेटवलेली सिगारेट.
मे संपत आलेला. रात्र नावाचं काही उरलेलं नाही.

खाली लांगव्हिया, समुद्रावरच्या पक्षिणी, हजारो.
काळ्या पाठी, पांढरी पोटं,
पंगतीला जागा धरून बसल्यासारख्या खेटून.
घरटं नाही. काडी नाही, पीस नाही.
उघड्या दगडावर एकेकीचं एकच अंडं,
भोवऱ्याच्या घाटाचं.
निमुळतं का, तर गडगडू नये म्हणून, असं आजोबा सांगत.
विद्यापीठातून आलेली मुलगी म्हणाली, तसं नसावं,
उतारावर नीट टेकतं म्हणून.
अंडं दोघांचंही ऐकून घेतं
आणि टेकून राहतं.

रंग कुठे समुद्राचा, कुठे ताकाचा,
वर काळं लिखाण.
बोरू न उचलता कुणी भराभर मोडी लिहीत जावं
आणि शाई ओली असतानाच
बाही फिरावी, तसं.
प्रत्येकीचं वेगळं.
त्या कालव्यात परत आलेली आई
आपलं अक्षर शोधते.

एक अक्षर ह्योर्दिसलाही ओळखू येतं.
तिसऱ्या कंगोऱ्याखाली, दगडफुलाने तांबूस झालेल्या जागी,
निळ्यावर डावीकडे झुकलेली ओळ
आणि शेवटी एक फराटा, चिडून ओढल्यासारखा.
चौदा वर्षं तिने ते उचललं,
चौदा वर्षं त्या बाईने पंधरा दिवसांत
तेच पुन्हा लिहून काढलं, फराट्यासकट.
दुसरं ह्योर्दिस घेत नाही. तेवढा व्यवहार आहे.

उकडलं तरी पांढरं निळसरच राहतं,
बलक झेंडूसारखा.
मीठ, लोणी. स्टेइन्थोर एका बैठकीत तीन खातो.
यात काव्य वगैरे काही नाही.
आधी फक्त पाण्यात सोडून बघायचं:
बुडालं तर ताजं.
तरंगलं तर आत कुणीतरी आहे.

यंदा ती जागा रिकामी.
म्हणजे शेजारणींनी अजून भरून न काढलेली,
तळहाताएवढा ओला दगड.
ह्योर्दिस लटकत राहिली.
वारा तिला कड्यापासून सोडवत होता,
पुन्हा कड्याला टेकवत होता.
वॉकीटॉकी खरखरला: काय गं?
काही नाही, ती म्हणाली, उशीर झालाय बहुतेक.
कोणाला, ते त्याने विचारलं नाही.

घरी खिडकीत चौदा टरफलं आहेत,
टाचणीने भोक पाडून फुंकलेली,
आतलं केव्हाच ऑम्लेटात गेलेलं.
तिने ती ओळीने लावली, धूळ पुसली.
निळ्याचा राखी झालाय.
तीच ओळ, तोच फराटा, चौदा वेळा.
पत्ता कुठेच नाही.

मागे स्टेइन्थोरने टोपली पातेल्यात रिकामी केली.
एकोणचाळीस बुडाली.
एक तरंगलं, बोथट टोक वर करून.
आता ते परत नेता येत नाही:
कोणत्या दगडावर, कुणाच्या पायाशी?
तिने ते ओलंच उचललं, कानाला लावलं.

आत अजून कोणी बोलत नव्हतं.