लाँड्रीच्या मागची खोली

सरोवर आटत चाललंय. त्याची धूळ आता आमच्या उंबऱ्यावर,
पोरांच्या उशांवर, दुधाच्या सायीवर.
वारा सुटला की नेरेइदा दाराच्या फटींत ओले टॉवेल कोंबते,
तरी सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं.

गुरुवारी आम्ही लाँड्रीच्या मागच्या खोलीत जमतो.
मालक डॉन क्रिसोफोरो भाडं घेत नाही,
शेवटी निघेल त्याने दिवा मालवावा, एवढंच.
सात खुर्च्या, एक पालथी बादली.
बादलीवर मी. पॅकिंगची पाळी संपवून उशिरा पोचतो,
नखांत लेट्यूसचा चीक.

पहिल्या दिवशी मी एकच वाक्य बोललो होतो:
मुलगा झोपला की मी त्याच्या फासळ्या मोजतो.
कोणी हळहळलं नाही.
एउलालिया म्हणाली, फासळ्या नको मोजू, त्यांच्यामधली जागा बघ.
श्वासागणिक आत ओढली जाते का, ते बघ.
तीन वर्षं मी चुकीचं मोजत होतो.

इथे असलंच काहीबाही शिकायचं.
मुकादमाला काय सांगायचं, रात्र दवाखान्यात गेली तर.
आजीला मलम चोळू द्या, भांडू नका,
पण निळा पंप तिच्या एप्रनच्या खिशात घालून ठेवा.
शाळेच्या खांबावर तांबडा झेंडा असेल
तर मधल्या सुट्टीत पोरं वर्गातच.
नेरेइदाची धाकटी विचारते,
आई, हा कुठला देश गं, जिथे पळायला बंदी आहे?

मागच्या गुरुवारी एक नवी बाई आली, ऑब्दुलिया.
दाराशीच बसली, कोट न काढता.
बराच वेळाने पर्समधून पंप काढून
कानाशी धरून हलवला, नारळ हलवतात तसा.
आहे अजून, म्हणाली.
नेरेइदाने तो हातात घेऊन मागचा आकडा दाखवला.
शून्य.
आवाज येतो बाई, औषध येईलच असं नाही.

पलीकडे ड्रायर फिरत होता.
कुणाच्या तरी खिशातलं नाणं आत टणटणत होतं.
ऑब्दुलिया ते थांबेपर्यंत गप्प राहिली. मग म्हणाली,
दोनदा द्यायचा तिथे एकदाच द्यायचे मी.
पुरवून पुरवून. महिनाअखेरच्या साखरेसारखा.

उद्या सकाळी दवाखान्यात मी येते तुझ्याबरोबर, एउलालिया म्हणाली,
पण आजची रात्र?
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीत जादाचा ठेवतो, ते माहीत होतं.
बाहेर जाऊन आणला.
तिने आकडा मोठ्याने वाचला, एकशे बारा,
आणि पुन्हा वाचला.

निघताना वारा सुटला होता.
दार उघडलं आणि आम्ही आठही जण तिथेच थबकलो, तोंड मिटून.
ऑब्दुलियाने पंप कोटाच्या आत धरला होता,
काडी विझू नये म्हणून धरतात तसा.
पहिली तीच बाहेर पडली.

दिवा मालवायचा राहून गेला.