अडतीस फ्रेम

वार्डोमध्ये सूर्य नोव्हेंबरात गेला तो गेलाच.
खेकड्यांच्या कारखान्यातून ओड्विन घरी येतो,
हाताचा वास साबणाला दाद देत नाही.
सेटिंगमध्ये शिरून रे ट्रेसिंग चालू करतो:
नव्वद फ्रेमच्या झाल्या अडतीस,
पंखा घरघरतो जुन्या बोटीसारखा.

खेळात एक ओली गल्ली. डबक्यात
न्हाव्याच्या दुकानाचा लाल दिवा.
दुकान पाठीमागे आहे, पडद्यावर नाहीच,
तरी डबक्याला ठाऊक.
तो वाकून बघत राहिला, आणि मागून गोळी.
पुन्हा तीच गल्ली. पुन्हा डबकं. पुन्हा गोळी.

बंद केलं. फ्रेम सुसाट.
डबक्यात आता एक लाल ठिपका, हाताने रंगवलेला,
कुणा पगारी माणसाने, बहुधा सगळे घरी गेल्यावर,
इथे दिवा असता तर उजेड असा पडला असता
एवढ्याच अंदाजावर.
तोही काही वाईट नाही.

चालू. बंद. चालू.
बहीण फोनवर विचारते,
फरक कळतो तरी का?
पळताना नाही, तो म्हणतो,
पण मी हल्ली पळतच नाही गं.
आणि वीजबिलाचं काढू नकोस.