ट्रायल

गिऱ्हाईक पुण्याचं. गाडी न्यायला उद्या येणार.
म्हणून आज पहाटे साडेचारला
उद्यमनगरातून आम्ही ती हळूच बाहेर काढली.
"ट्रायल नको का घ्यायला," रावसाब म्हणाले,
आणि खोटं बोलताना खाकरतात तसे खाकरले.

गाडी पूर्वी पावाची.
तिच्या पोटात आता पलंग, ओटा, बेसिन,
खिडक्यांना माझे पडदे.
गाद्याही मीच शिवलो.
आमच्याकडं बायका असंच म्हणतात:
शिवलो, गेलो, दमलो.
पुण्याच्या बाईनं फोनवर दोनदा विचारलं,
कोण बोलतंय?

फुलेवाडी मागं पडली. कळ्याला चहा.
मागं जोतिराम, वय सतरा,
मांडीवर पान्यांचा डबा.
समुद्र बघितला नव्हता त्यानं
आणि कसा असतो हेही विचारत नव्हता.

गगनबावड्याला धुकं असं की
रावसाबांनी काच खाली करून
कानानं गाडी चालवली.
करूळच्या तिसऱ्या वळणाला
सगळे ड्रॉवर एकदम उघडले.
चमचे, काड्यापेटी, भडंगाची पुडी, सगळं खाली.
जोतिरामनं वहीत लिहिलं: ड्रॉवर, आठ, कड्या बदलणे.
मग बसून भडंग वेचून खाल्लं.

तळेऱ्यानंतर हवा अंगाला चिकटाय लागली.
एका वळणावर, गडग्याच्या वर,
काहीतरी निळं उभं राहिलं आणि लगेच गेलं.
कुणी काही बोललं नाही.
रावसाबांनी गिअर बदलला, गरज नसताना.

मिठबावला सुरूच्या सावलीत थांबलो.
मागचं दार उघडलं, तर
दाराएवढाच समुद्र:
चार फूट बाय साडेतीन.
माप मला पाठ आहे,
त्या चौकटीचं रबर मीच चिकटवलंय.

तेवढ्यात बेसिनखालून टपटप.
जोतिराम गाडीखाली सरकला,
पाठ वाळूत, तोंड टाकीकडं. दोन तास.
"ये की रं भाईर, बघ तरी!"
"ऐकू येतंय की," खालनं उत्तर.

एक म्हातारा जाळं खांद्यावर घेऊन आला.
आत डोकावला. तुमचीच काय गाडी?
"व्हय," रावसाब म्हणाले. खाकरले नाहीत.
किती दिवस फिरताय?
"महिना झाला," मी बोललो,
"गोकर्णापासनं वर येतोय. दमलो आता."
त्यानं मान हलवली, कीव आल्यासारखी,
आणि चार बांगडे दिले. पैसे घेतले नाहीत.

दुपारी त्या गादीवर आडवा झालो.
बारा वर्षं गाद्या शिवतोय.
घरी आम्ही उरलेल्या तुकड्यांवर झोपतो,
निळा तुकडा, करडा तुकडा, मध्ये एक शिवण
जी बरोबर कमरेखाली येते.
इथं शिवण कुठंच लागली नाही
म्हणून झोप लागेना.

निघायच्या वेळी जोतिराम सापडेना.
मग दिसला: कमरेएवढ्या पाण्यात,
आमच्याकडं पाठ, दोन्ही हात वर,
एका हातात अजून दहा-अकराचा पाना.
"गंजंल की त्यो!" रावसाब ओरडले.
तो वळला नाही.
रावसाब पुन्हा ओरडले नाहीत.

परतताना कळ्यापासून उसाच्या ट्रॉल्या,
एकीच्या मागं एक, दिवे नसलेल्या.
साडेअकराला शटर वर केलं.
एक वाजेस्तोवर वाळू काढली,
खाचेतनं, शिवणीतनं, हवेच्या पाइपनं फुंकून.
बांगड्यांचा वास काही निघेना.
धुपाटणं फिरवलं. मग दोन्ही वास येऊ लागले.

सकाळी बाई आल्या. गादी दाबली,
पडदे ओढले, ड्रॉवर उघडले आणि मिटले.
नाक किंचित वर केलं.
"नवीन हाय," मी म्हणालो, "जाईल."
मीटरकडं त्यांनी बघितलं नाही.
जोतिराम मात्र तिकडंच बघत होता.

"लांबची ट्रायल घेतलीत ना?"

"रंकाळ्यापर्यंत," रावसाब म्हणाले,
आणि खाकरले.